पोटावरचा संशय

बायको माझ्या तोंडाचा वास घेते, हे माझ्या लक्षात यायला बरेच दिवस लागले. संध्याकाळी मी कॉलेजातून पडेगावला घरी आलो, की ती दारातच काहीतरी विचारायची. आज उशीर का झाला, बस मिळाली का, कोथिंबीर आणली का. प्रश्न साधेच असायचे. पण विचारताना ती गरजेपेक्षा एक पाऊल जवळ यायची आणि माझं उत्तर संपेपर्यंत तिथंच थांबायची. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर बायको आपणहून जवळ येते याचं आधी मला बरंच वाटलं. मग एका संध्याकाळी उत्तर देताना मला शिंक आली, मी तोंड फिरवलं, तर तिचंही तोंड माझ्या तोंडामागं फिरलं. तेव्हा कळलं.

मी आयुष्यात दारू प्यालेलो नाही. यात मोठेपणा काही नाही. देवगाव रंगारीला आमच्या घरात कुणी घेत नव्हतं, शहरात शिकायला आलो तेव्हा मित्र मिळाले ते चहावाले मिळाले, आणि राहून गेलं ते राहूनच गेलं. तरीही त्या काळात माझ्या पिण्याबद्दल घरात कुणालाच शंका उरली नव्हती. शंका फक्त एवढीच होती, की मी पितो कुठं.

सुरुवात झाली एका आरोग्य तपासणीच्या शिबिरापासून. मी एका कनिष्ठ महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. कॉलेजात रक्त तपासायला माणसं आली, सगळ्यांनी हात पुढं केला, मीही केला. रिपोर्ट आला त्यात लिव्हरचे म्हणून जे आकडे असतात ते चांगलेच वर गेलेले होते. तो घेऊन आम्ही दोघं नेहमीच्या डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी आधी कागदाकडं पाहिलं, मग माझ्या पोटाकडं. माझं पोट सुटलेलं आहे. हातपाय बेताचे, पिंढऱ्या तर चांगल्या टणक, आणि मधे हे पोट. डॉक्टरांनी बायकोला काहीतरी कारण काढून बाहेर पाठवलं आणि मला विचारलं, ‘‘किती घेता?’’

मी म्हणालो, घेत नाही. ते समजूतदारपणे हसले. सोनोग्राफी झाली, तिच्यात लिव्हरवर चरबी दिसली. मग त्यांनी बायकोला आत बोलावलं आणि माझ्यासमोरच तिला सांगितलं, ‘‘यांच्यावर जरा लक्ष ठेवा.’’

डॉक्टरांच्या दृष्टीनं ते साधं वाक्य होतं. माझ्या बायकोसाठी ते साधं नव्हतं. तिचं माहेर फुलंब्रीचं. तिचे वडील चोरून प्यायचे. कडब्याच्या गंजीत, विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत, कुठं कुठं बाटल्या निघायच्या. ती शाळेत जायच्या वयाची असताना तिची आई तिलाच पुढं पाठवायची, बाबांच्या जवळ जाऊन ये म्हणून. पोरीला बाप ढकलत नाही, हे आईला माहीत होतं. परत येऊन तिनं आईकडं बघून मान हलवायची. पुढं त्या माणसाचं पोट फुगलं, डोळे पिवळे झाले आणि तो गेला. अशा घरात वाढलेल्या बाईला नवऱ्याचं पोट आणि लिव्हरचे आकडे एकाच दिवशी दाखवल्यावर ती दुसरं काय करणार? हे मला आज समजतं. तेव्हा मला फक्त राग यायचा.

माझं शरीर मला लहानपणापासूनच फितूर वाटत आलेलं आहे. शाळेत पीटीचे सर मैदानाला चक्कर मारायला लावायचे. पोरं सुटायची आणि पहिल्याच फेरीत माझ्या मांड्या दगडासारख्या व्हायच्या. दम लागायचा तो वेगळा, पण मांड्यांतलं दुखणं असं असायचं, की पुढचं पाऊल टाकलं तर आत काहीतरी फाटेल. मी थांबायचो. सर ओरडले की रडत रडत हळूहळू पुन्हा चालायला लागायचो. आणि थोड्या वेळानं, का ते कळायचं नाही, पाय मोकळे व्हायचे. मग मी बाकीच्यांच्या बरोबरीनं पळूही शकायचो. हेच माझ्या अंगलट आलं. सर सगळ्या वर्गासमोर विचारायचे, ‘‘आता कसा पळतो रे? मघाशी काय झालं होतं?’’ मला उत्तर द्यायला यायचं नाही. हळूहळू मी शिकलो, की एकदा बसलं की बसूनच राहायचं. उठून पळालं तर आपण खोटे ठरतो.

शेतात तेच. मक्याची पोती उचलायच्या दिवशी मी एका टोकाला हात घातला, तर पोतं ट्रॉलीत पडल्यावरही माझी बोटं उघडेनात. त्या रात्री लघवी काळपट झाली. आई म्हणाली उन्हाळी लागली, आणि धने-जिऱ्याचं पाणी दिलं. वडील ओट्यावर बसलेले होते. ते म्हणाले, ‘‘कामाच्या दिवशीच बरी उन्हाळी लागती याला.’’ ते रागानं बोलले नव्हते. त्यांनी मला ओळखलंय अशा सुरात बोलले होते, आणि ते जास्त लागलं.

पुढं मी आयुष्य असं रचत गेलो, की जोर लावायची वेळच येऊ नये. खुर्चीवरची नोकरी बघितली. पुस्तकांचे गठ्ठे आले की मी रजिस्टर उघडून बसायचो आणि गठ्ठे शिपायाला उचलू द्यायचो. स्टाफरूममधे यावरून टोमणे व्हायचे, ते ऐकू न आल्यासारखं करायचो. बाजारात चढ लागला की दुकानांच्या पाट्या वाचत उभा राहायचो. लोकांना वाटायचं, ग्रंथपाल आहे, वाचनाची सवय. चरबी या सगळ्यात कधी साठत गेली ते कळलं नाही. पँटचं माप बदलत राहिलं एवढंच.

तर डॉक्टरांनी लक्ष ठेवायला सांगितलं आणि मला सांगितलं, वजन उतरवा, रोज चाला. मी संध्याकाळी मिटमिटा गावाच्या बाजूला चालायला जाऊ लागलो. घरापासून निघालं की थोड्याच अंतरावर रस्ता हलकासा चढतो. गाडीवाल्याला तो चढ जाणवणारही नाही. माझ्या मांड्यांना मात्र तो बरोबर कळायचा. तिथं मला थांबावंच लागायचं. आता नशीब असं, की त्या ठिकाणी रस्त्याच्या पलीकडं एक बियर शॉपी होती. मी रोज तिच्यासमोर विजेच्या खांबाला हात टेकवून उभा राहायचो, पाट्या वाचल्यासारखं करायचो, आणि पाट्या तरी कसल्या, थंडगार बाटल्यांच्या चित्रांच्या.

शेजारच्या बाईंनी मला तिथं पाहिलं आणि बायकोला सांगितलं. तिनं मला काहीच विचारलं नाही. मात्र काही दिवसांनी चालताना माझ्यामागं एक मोटरसायकल असल्याचं मला जाणवू लागलं. ती पुढं जायची नाही, वळायची नाही. मी थांबलो की मागं कुठंतरी इंजिन बंद व्हायचं. एकदा मी बुटाची लेस बांधायला वाकलो आणि वाकल्या वाकल्या मागं बघितलं. रसवंतीच्या छपराखाली हेल्मेट न काढता माझा मेहुणा बसला होता.

बायकोचा हा धाकटा भाऊ वाळूजला एका कंपनीत आहे. माणूस सरळ आणि बहिणीवर जीव टाकणारा. बापाच्या शेवटच्या दिवसांत दवाखान्यात हाच होता. त्यानं माझा पाठलाग करावा याचा मला इतका अपमान वाटला, की मी त्या दिवशी घरी येऊन जेवलोच नाही. आणि त्यानंतर मीही संशय घ्यायला लागलो. ती फोनवर हळू बोलली की कान द्यायचो. एकदा ती भावाला म्हणाली, ‘‘भरती करावं लागंल का?’’ तेव्हापासून मला खात्री झाली, की हे दोघं मिळून मला व्यसनमुक्ती केंद्रात टाकणार आहेत. ती दूध देऊ लागली तरी मी आधी वास घ्यायचो. दारू सोडवायची औषधं न सांगता चहा-दुधात घालून देतात, असं कुणीतरी मला कधीतरी सांगितलेलं होतं. एका घरात दोन माणसं एकमेकांना हुंगत होती.

मेहुणा एका रविवारी घरी आला. चहा झाला, इकडचं तिकडचं झालं, आणि मग त्यानं कपाकडं बघत विचारलं, ‘‘दाजी, त्या दुकानासमोर काय असतंय?’’

मी म्हणालो, पाय भरून येतात.

‘‘मग पुढं गेल्यावर एवढं सपासप कसं चालता? मागं मला गाडी दुसऱ्या गिअरात टाकावी लागती.’’

त्याचा हिशोब सरळ होता. दाजी दुकानासमोर थांबतात, तिथं कुणीतरी त्यांना काहीतरी आणून देतं, ते घशाखाली जातं, आणि मग अंगात तरतरी येते. बापाचं त्यानं असंच पाहिलेलं होतं. मी मात्र त्याच्यासमोर शाळेतल्या पोरासारखा गप्प बसलो. मघाशी काय झालं होतं, या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडं तेव्हाही नव्हतं आणि एवढ्या वर्षांनीही नव्हतं. खोटं सांगावं तर दुखणं खरं होतं, आणि खरं सांगावं तर माझाच त्या दुखण्यावर विश्वास नव्हता. इतकी वर्षं सगळे कामचुकार म्हणत आले, तर त्यात काहीतरी तथ्य असेल, असं आतून मलाही वाटायचं.

त्यानंच तोडगा काढला. छावणी भागात तो ज्या जिममधे जायचा तिथं त्यानं मला न्यायचं. ‘‘घाम गाळा, दाजी. बाकीचं आपोआप सुटंल.’’ बाकीचं म्हणजे काय ते तो बोलला नाही. आतल्या खोलीच्या दारात बायको उभी होती. मी तिच्याकडं बघून हो म्हणालो. मला काहीतरी सिद्ध करायचं होतं.

जिममधला शिकवणारा तरुण होता, उत्साही होता, आणि माझ्या पोटाकडं बघून त्याला लगेच काम सापडलं होतं. उठाबशा, मग दोन्ही हातांत वजनं, मग एक दांडा धरून खेचायचा. माझ्या मांड्या पहिल्या उठाबशांतच आवळल्या. मी थांबलो तर तो म्हणाला, ‘‘अंकल, दर्द हो रहा है मतलब काम हो रहा है.’’ मेहुणा समोरच्या आरशातून माझ्याकडं बघत होता. मी पुन्हा वाकलो. दर वेळी मी थांबायचं ठरवलं, की आरशातले ते डोळे दिसायचे. शेवटी दांडा खाली ठेवायची वेळ आली तेव्हा माझी बोटं त्याच्याभोवतीच राहिली. मेहुण्यानं एकेक करून ती उघडली. तेव्हा मात्र त्याचा चेहरा थोडा उतरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला हात डोक्यापर्यंत नेता येईना. मांड्या सुजून टणक झालेल्या. भिंतीला धरत संडासात गेलो आणि लघवी झाली ती पातेल्याच्या तळाशी राहिलेल्या काळ्या चहासारखी. लहानपणी पाहिली होती तिच्यापेक्षा कितीतरी गडद. मी पाणी ओतायला वळलो, तर दार ढकलून बायको आत आलेली. बरेच दिवस ती असंच करायची, मी आत जास्त वेळ राहिलो की बाहेर उभी राहायची. तिनं खाली बघितलं. मला वाटलं आता बोलेल. ती एवढंच म्हणाली, ‘‘बाबांची शेवटी अशीच झाली होती.’’

मग तिनं माझे कपडे पिशवीत भरले आणि भावाला फोन लावला.

मोठ्या दवाखान्यात त्यांनी सलाईन लावलं, एकापाठोपाठ एक बाटल्या चढवल्या. रक्त तपासलं. एक तरुण डॉक्टर येऊन विचारू लागला, जिममधली पावडर घेता का, इंजेक्शन घेता का, काही गोळ्या. मी नाही म्हणालो. त्यानं बायकोकडं पाहिलं. मला हसू आलं, पण हसताना बरगड्यांचे स्नायू दुखले. आता दारूच्या जोडीला पावडरही आली होती. तो सांगून गेला, की स्नायू फुटून त्यातला रंग लघवीत उतरलाय, मूत्रपिंडांवर ताण आलाय, आणि एवढ्याशा व्यायामानं एवढं होत नसतं.

तिसऱ्या दिवशी मेंदू आणि मज्जातंतूंच्या डॉक्टर आल्या. वयानं माझ्याएवढ्याच असतील. त्यांनी खुर्ची ओढली, बसल्या, आणि मला लहानपणापासूनचं विचारू लागल्या. मी जेवढ्यास तेवढं सांगितलं. माणसाला सतत उलटतपासणीची सवय झाली की तो कमीत कमी बोलतो. पाय भरून येतात, म्हणालो. थांबल्यावर बरं वाटतं. पीटीच्या सरांचं सांगितलं नाही. मधेच पाय मोकळे होतात हे तर मी कुणालाच सांगत नसे, तोच तर माझ्याविरुद्धचा सगळ्यात मोठा पुरावा होता.

मेहुणा कॉटच्या पायथ्याशी उभा होता. जिमपासून त्याला झोप नव्हती. तो म्हणाला, ‘‘मॅडम, एक सांगू का? हे पूर्ण सांगत नाहीत.’’

आणि त्यानं सगळं सांगितलं. आपण मागं मागं फिरलो हेही सांगितलं. दाजी चढावर थांबतात, खांबाला धरतात, मांड्या चोळतात. मग हळूहळू निघतात, लंगडल्यासारखं. आणि थोडं पुढं गेलं की असे चालायला लागतात, जसं काही झालंच नव्हतं. रोज असंच. तो डॉक्टरबाईंना जवळजवळ विनवत होता, की मधे हे काय घेतात ते तुम्ही तरी काढून घ्या.

डॉक्टरबाईंनी लिहायचं थांबवलं. ‘‘रोज त्याच टप्प्यावर मोकळे होतात?’’

‘‘व्हय. म्हणजे थोडं मागंपुढं. पण होतातच.’’

त्यांनी माझ्याकडं वळून विचारलं, ‘‘शाळेतही असंच व्हायचं का?’’

मी बायकोकडं पाहिलं. मग पीटीच्या सरांचं, मक्याच्या पोत्याचं, उन्हाळीचं सगळं सांगितलं. इतकं सलग मी स्वतःबद्दल कधी बोललो नव्हतो. डॉक्टरबाई मधेमधे मान हलवत होत्या, आणि ते मान हलवणं माझ्या ओळखीचं नव्हतं. ते ‘कळलं तुझं’ असं नव्हतं. त्या पुढचं ऐकायला थांबत होत्या.

नक्की ठरायला बरेच आठवडे गेले. मी बरा झाल्यावर त्यांनी हाताची मूठ वारंवार आवळायला लावून दंडातून रक्त घेतलं, आणि काही रक्त बाहेरगावी पाठवलं. मग त्यांनी आम्हा दोघांना बसवून समजावलं. जन्मतःचा दोष आहे. आपल्या स्नायूंत साखरेचा साठा असतो, अचानक जोर लावला की तो वापरला जातो. माझ्या स्नायूंत साठा आहे, पण तो फोडून वापरता येत नाही. पेव धान्यानं भरलेलं, पण तोंड उघडत नाही, असं त्या म्हणाल्या. त्याही इकडच्याच असाव्यात. म्हणून सुरुवातीला स्नायू उपाशी पडतात. हळूहळू चालत राहिलं तर थोड्या वेळानं रक्तातून साखर आणि चरबी स्नायूंपर्यंत पोचते आणि पाय मोकळे होतात. शाळेत तेच होत होतं. बियर शॉपीच्या पुढंही तेच. आणि ते आकडे? ते लिव्हरमधून येतात तसे स्नायूंतूनही येतात. ते माझ्या स्नायूंचे होते.

‘‘आणि लिव्हरवरची चरबी?’’ बायकोनं विचारलं. तिनं ते विसरायचं नाही असं ठरवून आणलेलं होतं.

‘‘ती खरी आहे,’’ डॉक्टरबाई म्हणाल्या. ‘‘दुखतं म्हणून हे हलत नाहीत. हलत नाहीत म्हणून चरबी वाढते. वजन वाढलं की तेवढंच चालणं आणखी जड जातं. मग आणखी हलत नाहीत.’’

उपाय त्यांनी सांगितला तो ऐकून मला पहिल्यांदा त्यांचाच संशय आला. चाला, म्हणाल्या. व्यायामानंच दवाखान्यात आलो होतो, आणि या पुन्हा चाला म्हणत होत्या. पण सपाट रस्त्यावर, अगदी सावकाश सुरुवात करून, दुखायला लागलं की वेग आणखी कमी करायचा, आणि पाय मोकळे झाल्यावरही पळायचं नाही. वजनं नाहीत, गाडी ढकलायची नाही, पोती नाहीत. लघवी काळी झाली तर धावत दवाखान्यात.

घरी जायला आम्ही रिक्षा केली. छावणीच्या पुढं आल्यावर बायको म्हणाली, ‘‘रोग असंल. पण रोग आहे म्हणून माणूस पीत नाही, असं कुठं आहे?’’

मला राग यायला हवा होता. पण तिचं म्हणणं तर्काला धरून होतं. पुढच्या वेळी ती डॉक्टरबाईंशी एकटीच बोलली. आत काय झालं ते मला नंतर कळलं. दारूनं लिव्हर बिघडल्यावर जो आणखी एक आकडा वाढतो, तो माझा या दवाखान्यातल्या पहिल्याच तपासणीत ठीक होता, असं त्यांनी तिला दाखवलं होतं. पहिल्या डॉक्टरांनी तो कधी तपासलाच नव्हता. बाहेर आली तेव्हा ती माझ्याशेजारी बाकावर बसली आणि पदरानं चष्मा पुसत राहिली. मग म्हणाली, ‘‘चला, चहा घेऊ.’’ त्या दिवशी ती मला भावाच्या पाठलागाबद्दल काहीतरी बोलेल असं वाटलं होतं. ती बोलली नाही. आजपर्यंत बोललेली नाही.

देवगावला वडिलांना सांगायला मी मुद्दाम गेलो. ते आता थकलेत, दिवसभर ओट्यावरच असतात. जन्मतःचा रोग, स्नायूंचा, सगळं सोपं करून सांगितलं. त्यांनी नीट ऐकलं. मग म्हणाले, ‘‘डॉक्टरला पटलं म्हण की.’’

मी पटवलं असं त्यांना म्हणायचं होतं. मी हसलो आणि उठून आत पाणी प्यायला गेलो. माठाजवळ उभं राहिल्यावर लक्षात आलं, की मी इतक्या लांब फक्त त्यांच्या तोंडून एक शब्द ऐकायला आलो होतो, आणि तो मिळणार नव्हता. आई त्यांच्याशी भांडली, म्हणाली, ‘‘याला काहीतरी आहे, मला तेव्हाच वाटलं होतं.’’ तिला तेव्हा उन्हाळी वाटली होती, पण ते मी बोललो नाही.

खरं सांगायचं तर माझाही विश्वास लगेच बसला नाही. आळसाला एक भारदस्त नाव मिळालं, एवढंच झालं असेल, अशी शंका मला रोज यायची. चालायला लागलो तेव्हा पहिली काही मिनिटं नेहमीसारखीच वाईट जायची, मांड्या आवळायला लागायच्या, आणि आता बसावं असं वाटायचं. विद्यापीठाच्या आवारातला सपाट रस्ता आम्ही धरला होता. आम्ही, कारण बायको सोबत यायची. आधी मला वाटलं लक्ष ठेवायला येते. तसं असेलही. तिला वेग आवरायचा नाही, फुलंब्रीची बाई, ती पुढं निघून जायची आणि मग थांबून मागं बघायची. मी तिला म्हणायचो, तू जा. ती म्हणायची, ‘‘मला कुठं घाई आहे?’’ आणि पाय मोकळे व्हायची जागा आली, की माझ्या चालीवरून तिला ते माझ्याआधी कळायचं. ‘‘सुटलं,’’ म्हणायची. घडोघडी माझ्याकडं निरखून बघायच्या सवयीचा असाही उपयोग झाला.

आहार सांगणाऱ्या बाईंकडं चरबी मोजायचं यंत्र होतं. अनवाणी उभं राहायचं, दोन मुठी हातांत धरायच्या, आणि ते अंगात किती चरबी, किती स्नायू ते सांगतं. बाईंनी आधी विचारलंच, मधेमधे लपून काही खाता का? मी म्हणालो, खातो, पण लपून नाही. काही महिने गेले. वजन जवळजवळ तेवढंच होतं आणि यंत्र म्हणत होतं चरबी कमी झाली. माझा विश्वास बसेना. माणसाला बरं वाटावं म्हणून यंत्रं अशीच बनवत असतील. मी गुपचूप सिडकोतल्या दुसऱ्या एका ठिकाणी जाऊन मोजून आलो, तर तिथं तिसराच आकडा आला. बाईंना ते सांगितल्यावर त्या हसल्या आणि म्हणाल्या, मोजायचं तर एकाच यंत्रावर मोजा, दोन यंत्रांचं आपसात कधी जमत नाही. शेवटी मी कपड्यांवर विश्वास ठेवला. पँट कमरेला सैल झाली होती, ती शिंप्याकडं न्यावी लागली. लिव्हरची सोनोग्राफीही पहिल्यापेक्षा बरी आली. स्नायूंचे आकडे मात्र वरच आहेत आणि तसेच राहणार आहेत. आता कुठंही रक्त तपासायला गेलो, की मी आधीच सांगून टाकतो. तरी समोरचा माणूस एकदा माझ्याकडं बघतोच.

गेल्या उन्हाळ्यात फुलंब्रीला बायकोच्या चुलतभावाचं लग्न होतं. जेवणावळी चालू होत्या, पोरं वरणाची मोठी पातेली उचलून पंगतीत नेत होती आणि एका पातेल्याला एक माणूस कमी पडत होता. कुणीतरी मला हाक मारली, दाजी, हात लावा. मी खुर्चीवरून उठलो नाही. पूर्वी मी अशा वेळी फोन आल्यासारखं करून मंडपाबाहेर गेलो असतो. या वेळी म्हणालो, मला उचलता येत नाही.

बायकोची एक चुलती शेजारी बसली होती. तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि बायकोला म्हणाली, ‘‘एवढा धडधाकट माणूस, काय झालंय?’’

बायको म्हणाली, ‘‘त्यांच्या स्नायूंत जन्मतःच दोष आहे, काकू. जोर लावला तर मूत्रपिंडं जातील.’’

‘‘पण मघाशी तर मारुतीच्या देवळापासून चालत आले की. मी बघितलं ना, चांगले तरातरा.’’

‘‘तसंच असतंय ते,’’ बायको म्हणाली. ‘‘आधी जमत नाही, मग जमतं.’’

चुलतीनं आधी माझ्याकडं पाहिलं, मग बराच वेळ बायकोकडं पाहिलं, आणि मग पलीकडच्या बाईकडं वळून हळू आवाजात काहीतरी सांगू लागली. बायकोच्या कानापर्यंत ते आलं असणार, कारण तिचे कान लाल झाले. ती ताट बाजूला सारून माझ्या खुर्चीजवळ येऊन बसली आणि म्हणाली, ‘‘आता मीपण खोटी.’’

पातेलं शेवटी मेहुण्यानं उचललं.